तार कुठून येते, ते आधी बघा

२०२४ च्या जूनमधली सकाळ. रात्री पाऊस बरा झाला होता आणि वाफसा यायच्या आत खत घरात असावे म्हणून लोक उजाडताच दुकानापुढे येऊन बसले होते. चौसाळ्यात हमरस्त्यालगत माझे कृषी सेवा केंद्र आहे. मागे गोदाम, आणि दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची खरेदी. साडेनऊच्या सुमारास पॉस मशीनवरचे चक्र नुसते फिरत राहिले. नेट गेले होते. मी निर्धास्त होतो, कारण आदल्याच वर्षी खबरदारी म्हणून मी दुसऱ्या कंपनीचे कनेक्शन घेऊन ठेवले होते. मुनिमाने मशीन त्या वाय-फायवर लावले. तेही बंद.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, नेट नसले तर वहीत लिहून गोणी द्यावी. तसे चालत नाही. मार्च २०१८ पर्यंत देशभर लागू झालेल्या पद्धतीप्रमाणे अनुदानाचे खत विकताना शेतकऱ्याचा आधार क्रमांक आणि अंगठा मशीनवर घ्यावा लागतो. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. उरलेला भार सरकार उचलते आणि ते पैसे खत कंपनीला मिळतात मशीनवर विक्री नोंदल्यावरच. आधी गोणी देऊन मागून नोंद केली, तर गोदामातला साठा आणि मशीनमधला साठा जुळत नाही. तपासणी झाली तर परवान्यावर येते. म्हणजे आमच्या धंद्यात नेट गेले की काउंटरवरचे खत कुलपात गेले.

मशीनमध्ये सिमकार्ड आहे. दुकानाच्या पत्र्याखाली त्याला रेंज नसते, म्हणून मशीन घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. रेंजच्या दांड्या पूर्ण, पण नेट शून्य. शेजारच्या खेड्यातून जीपने आलेली एक आजी दोन गोण्यांसाठी सकाळपासून बसली होती. आयुष्यभर खुरपे धरून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. नेट चांगले असतानाही तिचा अंगठा तिसऱ्या-चौथ्या खेपेला लागतो. बाराला तिची परतीची जीप निघाली. "लेका, उद्या येते," म्हणाली आणि रिकाम्या हाताने गेली. दुसऱ्या दिवशीचे भाडे तिला परत पडणार होते. ते दृश्य मी विसरलेलो नाही, आणि आज हा लेख लिहितोय तो त्यामुळेच.

दुपारी दोनच्या पुढे समोरच्या चहावाल्याच्या मोबाइलवर, तिसऱ्याच कंपनीच्या सिमवर, नेट चालू असल्याचे कळले. त्याचा हॉटस्पॉट घेऊन संध्याकाळपर्यंत विक्री उरकली. सायंकाळी लाइनमन आला. दमलेला, चिखलाने भरलेला पोरगा. त्याने जे सांगितले ते ऐकून मी खुर्चीत बसलो.

"शेठ, तुम्ही बिलं दोन भरता, पण तार एकच हाय."

दोन्ही कंपन्यांच्या वायरी माझ्या दुकानापर्यंत वेगवेगळ्या आल्या होत्या. पण गावाबाहेर पडल्यावर बीडच्या दिशेने दोघींचाही डेटा एकाच भाड्याच्या फायबरवरून जात होता. नळयोजनेचा चर खणताना जेसीबीच्या बकेटने नेमकी ती तोडली. माझ्या मशीनमधल्या सिमच्या कंपनीचा टॉवरही त्याच फायबरवर. चहावाल्याच्या सिमचा टॉवर मात्र मायक्रोवेव्हवर, म्हणजे हवेतून पुढच्या टॉवरला जोडलेला. म्हणून तेवढाच जिवंत होता.

तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे. गावात धंदा करणाऱ्याने नेट निवडताना वेग सर्वांत शेवटी बघावा. तार कोणत्या वाटेने येते, वाटेत तिला वीज कुठे लागते आणि तुटली तर जोडायला कोण, किती वेळात येते, हे आधी बघावे.

कंपन्यांचे पत्रक मात्र वेगापासून सुरू होते आणि वेगापाशीच संपते. १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस. हे आकडे मेगाबिटचे असतात. आठाने भागा म्हणजे मेगाबाइट मिळतात, तेव्हा १०० चे साडेबारा होतात. माझ्या दुकानाला लागते किती? पॉस मशीनचा एक व्यवहार म्हणजे मूठभर अक्षरे. ई-वे बिल तसेच. पेमेंट आल्याची घोषणा करणाऱ्या डब्यात त्याचे स्वतःचे सिम असते, त्याला माझ्या वायरीची गरजच नाही. जास्त खातात ते कॅमेरे. चार कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेरच्या सर्व्हरवर साठवायचे म्हटले तर प्रत्येकी दोन मेगाबिट धरले तरी आठ मेगाबिट अहोरात्र वर चढवावे लागतात. लक्षात घ्या, वर चढवावे लागतात. घरगुती ग्राहक खाली उतरवतो, सिनेमे बघतो. दुकानदार वर चढवतो: बिले, चित्रण, हिशेबाची प्रत. म्हणून 'अपलोड किती?' हा प्रश्न आधी विचारावा. आमच्याकडे तो फार कमी जण विचारतात.

सरकारी व्याख्याही वेगाच्याच मागे गेली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन एमबीपीएस. २००४ च्या त्या व्याख्येत 'कायम सुरू असणारी जोडणी' असेही शब्द होते. डायल-अपच्या जमान्यात त्याचा अर्थ वेगळा होता हे मला ठाऊक आहे, पण चौसाळ्यात बसून मला तेच शब्द सर्वांत मोलाचे वाटतात. वेग दहा मेगाबिट असला तरी माझा धंदा चालतो. तो दहा मेगाबिट मृग नक्षत्रात सकाळी साडेनऊला हवा.

आता विजेचे सांगतो, कारण आमच्या भागात ती तारेइतकीच महत्त्वाची आहे. त्या प्रसंगानंतर मी त्या लाइनमनला चहा पाजला आणि म्हणालो, चल, माझी वायर दुकानापासून शेवटपर्यंत दाखव. आम्ही पायी निघालो. पहिल्या कनेक्शनची वायर खांबावरून मागच्या गल्लीत गेली आणि एका घराच्या ओट्यावरच्या पत्र्याच्या डब्यात शिरली. डब्यात विजेवर चालणारा स्विच, आणि त्याला वीज त्या घरातून. त्या घरमालकाने गावाला जाताना मेन स्विच पाडला की माझे नेट बंद. कितीतरी वेळा माझ्याकडे लाइट असताना, इन्व्हर्टर भरलेला असताना नेट का जाते, याचे कोडे त्या ओट्यावर उलगडले.

दुसऱ्या कनेक्शनची गोष्ट वेगळी होती. ती जीपॉन पद्धतीची फायबर. यात मुख्य केंद्रातून निघालेला उजेड वाटेत काचेच्या स्प्लिटरने बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो आणि त्या स्प्लिटरला वीज लागत नाही. वीसेक किलोमीटरपर्यंत मध्ये कुठेही वीज नको. केंद्राकडे बॅटरी असली आणि आपल्या टोकाला डबी चालू राहिली की गाव अंधारात असले तरी नेट चालते. आपली डबी आणि राउटर बारा व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी बाजारात मिळणारा छोटा यूपीएस लावला की पुढचे काही तास चिंता नाही. मोठ्या इन्व्हर्टरवर भार टाकायचीही गरज नाही. तेव्हा कनेक्शन घेताना 'फायबर आहे का?' एवढे विचारून थांबू नका. फायबर दोन्हीकडे होती. 'वाटेत विजेचा डबा कुठे आहे का?' हे विचारा. या एका प्रश्नाने माझी अर्धी डोकेदुखी गेली.

जीपॉनचीही मर्यादा आहे. एका धाग्यावर खाली येणारा वेग सुमारे अडीच गिगाबिट आणि वर जाणारा सव्वा गिगाबिट, तो त्या बत्तीस-चौसष्ट जणांत वाटलेला. क्रिकेटचा सामना असेल त्या रात्री फरक जाणवतो. पण दिवसा, दुकानाच्या वेळेत, मला तो कधी नडला नाही.

शहरातले जाणकार सांगतात, धंदा आहे तर लीज्ड लाइन घ्या. ती वाटली जात नाही. जितके घ्याल तितके तुमचेच, वर-खाली सारखे, सोबत स्थिर आयपी पत्ता आणि लेखी करार. बिल साध्या फायबरच्या कित्येक पट. जिनिंग-प्रेसिंग, मोठे रुग्णालय, पतसंस्थेची शाखा यांनी जरूर विचार करावा. पण करारातला आकडा स्वतः मोजून घ्यावा. ९९.५ टक्के हमी कानाला मोठी गोड लागते. महिन्याचे ७२० तास धरले तर उरलेला अर्धा टक्का म्हणजे ३.६ तास. हे तास पहाटे गेले तर कोणाला कळणारही नाही. पेरणीच्या सकाळी गेले तर? करार ते सांगत नाही. शिवाय लीज्ड लाइनही त्याच चरातून, त्याच एका फायबरवरून आली, तर जेसीबी लीज्ड आणि घरगुती असा भेद करत नाही. भरपाई म्हणून बिलातले काही रुपये वजा होतील, पण आजीची जीप परत येणार नाही. माझ्यासारख्या दुकानाला लीज्ड लाइन नको, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याच पैशात दोन वेगळ्या वाटा उभ्या राहतात आणि तरी पैसे उरतात.

आम्ही पाच-सहा दुकानदारांनी मिळून एक लीज्ड लाइन घेऊन वाटून घ्यायचाही विचार केला होता. चौकशी केल्यावर कळले की एका दुकानातून दुसऱ्या दुकानात वायर टाकून महिन्याला पैसे गोळा करणे म्हणजे इंटरनेट विकणे, आणि त्याला परवाना लागतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहावाला किंवा सेवा केंद्रवाला परवान्याशिवाय लोकांना वाय-फाय देऊ शकतो, आणि जून २०२५ मध्ये ट्रायने अशा दुकानदारांसाठी २०० एमबीपीएसपर्यंतच्या कनेक्शनचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त नसावा असे ठरवून दिले. ती चांगली सोय आहे, पण तिचा हेतू वेगळा. आम्ही नाद सोडला.

दुसरी वाट म्हणजे हवेतली. ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात आले आणि २०२३ पासून 'एअर फायबर' नावाने छपरावर डबी लावून घरात नेट देणेही सुरू झाले. खड्डा नाही, खांब नाही, तासाभरात जोडणी. मला हे फार आवडले, पण घेण्याआधी मी टॉवरकडे मान वर करून बघितले. टॉवरवर ढोलासारखी गोल झाकणे दिसत असतील तर तो मायक्रोवेव्हने पुढे जोडलेला असण्याची शक्यता असते. दिसत नसतील तर बहुधा जमिनीतल्या फायबरवर. ही खूण शंभर टक्के खरी नसते, कधी दोन्ही असतात. म्हणून कंपनीच्या माणसाला सरळ विचारावे: हमरस्त्यावरची फायबर तुटली तर तुमचा टॉवर चालतो का? ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्याकडून घ्यावे. मायक्रोवेव्हचा दोष म्हणजे मुसळधार पावसात तो मंदावतो. आमच्याकडे तसे पाऊस वर्षातून मोजकेच. हा दोष मी आनंदाने पत्करला.

उपग्रहाची चर्चा आता गावागावांत आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी आशयपत्रावर सह्या केल्या. दुर्गम भागांची जी यादी सांगितली गेली तीत गडचिरोली, नंदुरबार, वाशिम यांच्याबरोबर धाराशिवही आहे. आमच्या चौसाळ्यापासून धाराशिव जिल्हा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पारावर विषय निघतोच. लोक विचारतात, बँकेच्या छपरावर तवा आहेच की, मग 'लिंक नाही' असे का ऐकावे लागते? तो जुना तवा ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाशी बोलतो. विचारणा वर जाऊन खाली यायची, उत्तर परत वर जाऊन खाली यायचे, म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार किलोमीटर. उजेडाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद. मशीन एका अंगठ्यासाठी पाच-सहा वेळा ये-जा करते, मग गिऱ्हाईक उभेच राहते. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, म्हणून ही उशिराची तक्रार तिथे राहत नाही. जमिनीवरच्या जेसीबीशी तर त्याचा संबंधच नाही. दर परवडला तर डोंगरकपारीतल्या वस्त्यांना ते वरदान ठरेल. हमरस्त्यावरच्या चौसाळ्याला ते तिसरे साधन म्हणून शोभेल, पहिले म्हणून नाही.

मला बळ मिळाले ते एका सरकारी गोष्टीतून. ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावांपर्यंत फायबर सरळ रेषेत गेली, एका गावापुढे दुसरे, त्यापुढे तिसरे. मध्ये तुटली की पुढची गावे एकदम बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजना मंजूर झाली, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची. तिच्यात फायबर कड्यासारखी टाकायची आहे. कडे एका जागी तुटले तर डेटा उलट्या दिशेने फिरून येतो. देखभालीची जबाबदारीही दहा वर्षांसाठी धरलेली आहे. एवढ्या मोठ्या योजनेला बारा वर्षांनी जे उमगले, तेच मला त्या जूनच्या सकाळी उमगले. माझ्या दुकानापुरते कडे मी केले आहे, आणि ते फार महाग नाही.

आज माझ्याकडे जीपॉनची एक फायबर आहे. ज्या कंपनीचा टॉवर हवेतून जोडलेला आहे तिचे ५जी-४जी सिम एका राउटरमध्ये आहे. राउटर असा घेतला आहे की एक वाट बंद पडली तर तो स्वतःच दुसरीवर जातो, मुनिमाला वायरी बदलाव्या लागत नाहीत. ओट्यावरच्या डब्याचे कनेक्शन बंद केले. दोन्ही साधनांना छोटा यूपीएस. आणि गल्ल्याशेजारी एक वही. नेट गेले की तारीख, वेळ, कारण आणि परत कधी आले, एवढे मुनीम लिहितो. सरकारी संकेतस्थळच बंद असले तर तेही वेगळे लिहितो, कारण विम्याच्या शेवटच्या तारखेला किंवा विवरणपत्राच्या वीस तारखेला दोष बहुतेकदा तिकडचा असतो आणि आपण उगाच लाइनमनला बोल लावतो. बिल वाढवायला आलेल्या प्रतिनिधीपुढे मी ती वही उघडतो. कागदावरच्या तारखांपुढे त्याला उत्तर द्यावेच लागते.

सोयाबीनच्या दिवसांत या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखावरच्या करपात्र मालाला ई-वे बिल लागते. लातूरला जाणारा ट्रक भरून उभा असतो, हमालांची मजुरी झालेली असते, ड्रायव्हरला रात्रीच मिलच्या दारात रांग धरायची असते. दोन हंगाम झाले, बिलासाठी ट्रक थांबलेला नाही.

एक सामाजिक बाजू आहे, तीही मांडतो. कधी काळी चौसाळा नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. मतदारसंघांची फेररचना झाली, नाव गेले, पण आसपासची खेडी अजून खतासाठी, विम्यासाठी, बँकेसाठी इथेच येतात. इथली एक फायबर तुटली की इतक्या खेड्यांचा दिवस मोडतो. तरी चर खणण्याआधी खाली काय आहे हे बघायची सवय आपल्याला लागलेली नाही. मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आहे. खोदकाम करणाऱ्याने आधी जागा कळवायची, म्हणजे ज्यांची तार किंवा पाइप तिथे आहे त्यांना सूचना जाते. ठेकेदाराला काम देताना ग्रामपंचायतींनी ही अट कागदावर घालावी आणि जेसीबीवाल्याला बकेट लावण्याआधी ती दाखवायला सांगावी. नळाचे पाणी हवेच. त्यासाठी तार तुटायलाच पाहिजे असे काही नाही.

आणि हमरस्त्यावरच्या, आडवळणाच्या सगळ्या दुकानदार बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. यंदा मृगाच्या आधी एक सकाळ मोकळी काढा. आपल्या लाइनमनला चहाला बोलवा आणि दुकानापासून निघून आपली तार जिथवर नेईल तिथवर त्याच्यासोबत पायी जाऊन या.